रात्रीच्या जेवणाची वेळ आणि घराचे आरोग्य

सायंतारा (पुणे)

नमस्कार. गेल्या दिवाळीनंतर आम्ही घरातील रात्रीच्या जेवणाची वेळ सव्वादहावरून पावणेआठवर आणली. ऐकायला ही लहानशी गोष्ट वाटेल. परंतु त्या अडीच तासांनी घरातील झोप, सकाळची भूक, मुलांचा अभ्यास, सासूबाईंचे औषधपाणी आणि आमचे आपसांतले बोलणे या सर्वांवर परिणाम केला, आणि ती वेळ पाळता यावी म्हणून घरकामाची वाटणीही बदलावी लागली. सर्वांगीण आरोग्य हा शब्द आपण सर्रास वापरतो. त्याचा अर्थ मला या पाच महिन्यांत थोडाफार उमगला, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

निमित्त झाले ते यजमानांच्या रक्ततपासणीचे. वय ४६, वजन ६८ किलो, उंची पाच फूट आठ इंच. पाहणाऱ्याला माणूस सडपातळच वाटतो. तरीही उपाशीपोटी साखर ११४ आली आणि कंबर मोजली तेव्हा ती ९६ सेंटीमीटर भरली. भारतीय पुरुषांसाठी कंबरेची मर्यादा ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर धरतात, हे आम्हाला तेव्हा प्रथम कळले. डॉक्टरांनी समजावून सांगितले की हातपाय बारीक आणि चरबी पोटात, अशी ठेवण आपल्याकडे फार आढळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याच विषयावर अनेक वर्षे संशोधन केले आहे. डॉ. याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. युडकिन यांचे छायाचित्र लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली छापून आले होते: दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, एकच; परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण याज्ञिकांमध्ये दुपटीहूनही अधिक. म्हणजे वजनकाट्यावर विसंबून राहण्याची सोय आपल्याला नाही.

त्यानंतरचे तीन महिने आम्ही जे केले, ते बहुतेक घरांत होते. सकाळी मेथीदाण्यांचे पाणी सुरू झाले, वर्षभराची वर्गणी भरून व्यायामशाळा सुरू झाली, जेवणाआधी काकडी-गाजर चिरून ठेवणे सुरू झाले. यांपैकी कोणतीही गोष्ट वाईट नव्हती, पण एकही टिकली नाही. सकाळी साडेसातला कसेबसे उठणारा माणूस सहाच्या व्यायामाला जाणार कसा? आणि रात्री दहाला भुकेने व्याकूळ होऊन ताटावर बसलेला माणूस काकडी चघळत थांबणार कसा?

तेव्हा एका रविवारी मी कागदावर आमचा रोजचा दिवस लिहून काढला. जेवण सव्वादहाला, झोप साडेबाराला, जाग साडेसातला. रात्रीचे अन्न पोटात तसेच, म्हणून सकाळी भूक नाही; चहा आणि चार बिस्किटे. त्यामुळे दुपारी अडीचपर्यंत जीव कासावीस आणि डब्यावर तुटून पडणे. मग चार वाजता डोळ्यांवर झापड, ती घालवण्यासाठी चहा, सहाला कचेरीबाहेर वडापाव किंवा सामोसा आणि त्यामुळे पुन्हा रात्री दहापर्यंत भूक नाही. आम्ही एकेका कडीला स्वतंत्र उपाय शोधत होतो आणि साखळी मात्र जशीच्या तशी होती. ती कुठेतरी तोडायची, तर रात्रीच्या जेवणापाशी, असे मला वाटले. कारण सकाळ ही आदल्या रात्रीतूनच तयार होते.

यामागे शरीराचाही आधार आहे, असे वाचनात आले. शरीरातील पेशींना त्यांचे स्वतःचे घड्याळ असते आणि ते कसे चालते हे उलगडणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मेंदूतील मुख्य घड्याळ डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर जुळते. यकृत आणि स्वादुपिंड यांची घड्याळे मात्र आपण कधी जेवतो याकडेही पाहतात. अंधार पडल्यावर झोप आणणारे मेलाटोनिन वाढू लागते आणि त्या सुमारास इन्सुलिनचे काम मंदावते, म्हणून तोच भात, तितकाच भात, सकाळपेक्षा रात्री रक्तातील साखर अधिक चढवतो. आपल्या जुन्या घरांत दिवेलागणीनंतर लगेच पाने मांडली जात, त्याचे एक कारण तेलवातीची काटकसर हेही असेल. परंतु शरीराला ते मानवत होते, एवढे खरे.

आता अडचणीचा भाग. पावणेआठला जेवायचे तर सव्वासातला स्वयंपाक होत आलेला हवा, आणि मी स्वतः नोकरीवरून साडेसहाला घरी येते. वेळ मागे आणण्याचा सगळा भार एका बाईच्या पाठीवर पडणार असेल तर तो आरोग्याचा मार्गच नव्हे, हे मी घरात स्पष्ट सांगितले. सर्वांना ते पटले. भाजी आदल्या रात्री यजमान निवडून आणि चिरून ठेवतात. मुलगी दहावीला आहे, तिच्याकडे कोशिंबीर आणि पाने घेणे. मुलगा सातवीत, त्याच्याकडे मागचे आवरणे. पोळ्यांच्या मावशींची वेळ साडेआठ होती, ती आम्ही सातवर आणून घेतली. आठवड्यातून तीन दिवस भाकरी करायची, असेही ठरले.

भाकरीविषयी थोडे लिहिल्यावाचून राहवत नाही. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. उभे राहून थापणे त्यांना आता झेपत नाही, म्हणून त्यांनी स्वयंपाकघरात खुर्ची घेतली आणि आपल्या मुलाला, म्हणजे यजमानांना, भाकरी शिकवली. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पीठ कढत पाण्यात भिजवायचे, तळहाताच्या टाचेने कड फुटेनाशी होईपर्यंत मळायचे, एका वेळी एकाच भाकरीपुरता गोळा घ्यायचा. तव्यावर टाकली की पिठाची बाजू वर येते, तिच्यावर पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी सुकायच्या आत उलटायची. सुकले की भाकरीला चिरा पडतात आणि ती फुगत नाही. पहिल्या आठवड्यात एकही भाकरी गोल झाली नाही. सासूबाई खुर्चीवरून हात हवेत फिरवून दाखवत, "बोटांनी नको रे, हाताने पुढे सार," असे म्हणत, आणि जी भाकरी पहिल्यांदा टम्म फुगली ती त्यांनी स्वतःच्या पानात मागून घेतली. गेली दोन वर्षे त्या साडेसातला एकट्याच दूधभात खाऊन आपल्या खोलीत जात असत. आता घरातील पाचही माणसे एका वेळी बसतात.

जेवणानंतर आम्ही दोघे इमारतीभोवती पंधरा मिनिटे फिरतो. शतपावली हा शब्द आपल्या भाषेत होताच, फक्त सव्वादहाच्या जेवणानंतर ती घालायला अंगात त्राण उरत नसे. झोप आता अकराच्या आत लागते, सकाळी सहाला जाग येते आणि सात वाजता खरी भूक लागते. घावन, उपमा, उकडलेली अंडी, काहीही चालते. दुपारचा डबा एकला होतो. पाच वाजता फुटाणे आणि एखादे फळ घेतले की साडेसातपर्यंत धीर धरता येतो.

मागील आठवड्यात पुन्हा तपासणी केली. उपाशीपोटी साखर १०२ आणि कंबर ९२. यातले किती जेवणाच्या वेळेमुळे, किती चालण्यामुळे आणि किती वडापाव सुटल्यामुळे, हे मला वेगळे काढता येणार नाही आणि काढावे असेही वाटत नाही, कारण त्या गोष्टी एकमेकींमुळेच शक्य झाल्या. आपल्या घरी ही वेळ काय आहे, आणि ती पाळता येत नसेल तर आपण काय करता, हे वाचायला मला आवडेल.

माळरान (मंगळवेढा)

ताई, आपले लेखन मनापासून आवडले. आमच्याकडे रात्रीचे जेवण सातलाच होते, सणावाराला साडेसात. ज्वारी घरची, मालदांडी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून शहरांतून मागणीही वाढली आहे. आपण भाकरीचे जे वर्णन केले आहे ते तंतोतंत आहे. फक्त एक सुचवतो: पीठ महिनाभराचे दळून ठेवू नका. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची चिकटाई जाते आणि भाकरी थापताना तुटते. बाजरीचे तर आठ-दहा दिवसांतच कडवट होऊ लागते, कारण बाजरीत तेल अधिक असते. दर आठवड्याला थोडेथोडे दळून आणावे.

परंतु खेड्यातील माणूस आपोआप निरोगी राहतो, असा समज कुणी करून घेऊ नये. शेतीपंपाची वीज आमच्याकडे काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री अशी आलटून पालटून येते. रात्रीची पाळी आली की उसाला पाणी द्यायला अकरा वाजता शेतात जावे लागते; थंडी, चिखल, सापाविंचवाचे भय आणि जागे राहण्यासाठी दोन-तीन वेळा गोड चहा. त्या आठवड्यात जेवण, झोप, शौच सगळ्याचेच तंत्र बिघडते. माझ्या वडिलांना रक्तदाब आणि मला पित्त, दोन्ही गोष्टी या रात्रपाळीच्या पाण्यासोबत आल्या असे माझे ठाम मत आहे. तेव्हा दिनचर्या ही ज्याच्या त्याच्या निग्रहावरच अवलंबून असते असे नाही. विजेचे वेळापत्रक कोण ठरवतो यावरही ती अवलंबून असते.

मोजमाप (नागपूर)

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, म्हणून दोन गोष्टी तातडीने नोंदवणे मला आवश्यक वाटते.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची: ज्यांना मधुमेहाची औषधे सुरू आहेत, विशेषतः जे इन्सुलिन घेतात किंवा ज्यांच्या गोळ्या स्वादुपिंडाला अधिक इन्सुलिन सोडायला लावतात, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड, त्यांनी जेवणाची वेळ स्वतःच्या मनाने दोन-अडीच तास मागे-पुढे करू नये. औषधाची वेळ तीच राहिली आणि जेवण सरकले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि ती झोपेत उतरली तर कळतही नाही. हाताला कंप, दरदरून घाम, छातीत धडधड, बोलण्यात असंबद्धता ही तिची लक्षणे होत. डॉक्टरांशी बोलून औषधाची मात्रा आणि वेळ यांचा मेळ घालूनच बदल करावा. सायंतारा यांच्या यजमानांना औषधे नव्हती, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट, लवकर जेवणे म्हणजे ताटात काहीही चालते असे नाही. पावणेआठला तीन वाट्या पांढरा भात, बटाट्याची भाजी आणि पापड असे जेवण असेल तर वेळेचा लाभ बराचसा वाया जातो. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांच्या ताटात मला बहुधा डाळ, उसळ, दही, अंडी, मासे कमी आणि धान्य अधिक दिसते. मुगाची किंवा मटकीची उसळ वाटीभर घ्यावी, पालेभाजी भरपूर घ्यावी, आणि धान्य त्या दोहोंनंतर वाढून घ्यावे. मिठाचे प्रमाण दिवसाला पाच ग्रॅमच्या आत असावे. ते चहाच्या सपाट चमचाभर होते, आणि लोणचे, पापड, शेंगदाण्याची चटणी व बाहेरचे फरसाण मिळून त्यातले बरेचसे आपल्या नकळत संपवतात.

आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. यजमानांचा ११४ हा आकडा त्या उंबरठ्यावरचाच होता. उपाशीपोटी १०० ते १२५ या दरम्यानची माणसे परत फिरू शकतात, आणि म्हणून हा धागा मला मोलाचा वाटतो. शतपावली मात्र जेवण झाल्यावर लगेच, पहिल्या अर्ध्या तासातच घालावी. रक्तात साखर चढत असतानाच पायांचे मोठे स्नायू ती ओढून घेतात. दोन तासांनी तितकेच चाललात तर हा विशिष्ट लाभ कमी होतो.

गुळवेल (सातारा)

मी आयुर्वेदाचा चिकित्सक आहे. आयुर्वेदाचे प्राचीन ग्रंथकार वाग्भट यांनी दिनचर्येच्या अध्यायात भोजनाविषयी जे सांगितले आहे त्याचा क्रम पाहण्यासारखा आहे: आधीचे अन्न जिरल्यावर, हितकर आणि मापात जेवावे. म्हणजे घड्याळापेक्षाही "जिरले का?" हा प्रश्न पहिला येतो. जठराचे चार भाग कल्पून दोन भाग घन अन्नाने, एक द्रवाने भरावा आणि एक मोकळा ठेवावा, हेही त्यांनीच सांगितले आहे. सायंतारा ताईंनी कागदावर जी साखळी मांडली, तिच्यात प्रत्येक जेवण हे आधीचे न जिरताच झालेले होते. भूक म्हणून जे वाटत होते ते बहुधा सवयीचे खाणे होते.

दोन लहान सूचना करतो. रात्री दही घेऊ नये असे शास्त्र सांगते. कोशिंबीर दह्याची असेल तर ती दुपारी करावी आणि रात्री लिंबू पिळून करावी. व्यायामाच्या बाबतीत "अर्धशक्ती" हा शब्द आहे: कपाळावर, काखेत घाम आला आणि तोंडाने श्वास घ्यावासा वाटला की थांबावे. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तर त्याहूनही कमी. व्यायामशाळेत पहिल्याच आठवड्यात ईर्ष्येने वजने उचलून पाठ धरलेली तरुण मुले माझ्याकडे नेहमी येतात, म्हणून हे आवर्जून लिहिले. आणि मलमूत्राचा वेग अडवू नये, हा नियम प्रवासात व कचेरीत स्त्रियांना पाळताच येत नाही, कारण स्वच्छ जागाच उपलब्ध नसते. त्यामुळे त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. आरोग्याच्या चर्चेत याचा उल्लेख फार कमी होतो.

परतीची गाडी (डोंबिवली)

सर्वांचे वाचले. माझी कचेरी चर्चगेटला सहाला सुटते आणि दादरला गाडी बदलून, गर्दीत उभ्याने, घरी पोहोचेपर्यंत आठ वाजून पन्नास मिनिटे होतात. पावणेआठला मी मुलुंड-ठाण्याच्या मध्ये कुठेतरी असते. अशा माणसाने काय करावे, हे कृपया सांगावे. घरी आल्यावर कुकर लावून जेवायला दहा वाजतात आणि आपण लिहिलेली साखळी अक्षरशः माझीच आहे.

मोजमाप (नागपूर)

ताई, आपल्यासारख्यांसाठी मी रात्रीचे जेवण दोन भागांत विभागायला सांगते. दुसरा लहान डबा सोबत ठेवावा आणि तो कचेरी सुटण्याआधी, साडेपाचच्या सुमारास खावा: एक पोळी-भाजी, किंवा उसळ, किंवा दोन धिरडी. हे मधल्या वेळचे खाणे न समजता आपले निम्मे जेवणच समजावे. घरी आल्यावर मुगाची पातळ खिचडी, भाज्यांचे सार किंवा वरण आणि भाजी एवढेच घ्यावे, आणि त्यासाठी मूग-तांदूळ धुऊन, मोजून सकाळीच भांड्यात काढून ठेवावेत. स्थानकावर उतरल्यावर जी आग पोटात पडलेली असते, तीच माणसाला भज्यांच्या गाडीपाशी नेते. साडेपाचचा डबा ती आग शमवतो.

रात्रपाळी (नाशिक)

मी परिचारिका आहे. महिन्यातील दहा रात्री कामावर असते, त्यामुळे लवकर जेवून अकराच्या आत झोपण्याचा सल्ला मला लागू पडत नाही. बारा वर्षांत ठोकरा खाऊन जे शिकले ते लिहिते, कारण रुग्णालये, सुरक्षारक्षक, गिरण्या, कॉल सेंटर यांत रात्री राबणारी माणसे फार आहेत आणि त्यांच्यासाठी कोणी लिहीत नाही.

मुख्य जेवण मी कामावर जाण्यापूर्वी साडेसातला घरीच करते. मध्यरात्री एक ते पाच या वेळात पोटभर जेवत नाही. भूक लागली तर मूठभर शेंगदाणे, केळे किंवा कपभर दूध. पूर्वी आमच्या वॉर्डात दोन वाजता सर्व जणी डबे उघडून पुलाव आणि मिठाई खात असू, आणि तीन वाजता सर्वांनाच मळमळ व सुस्ती येई. चहा दोन वाजल्यानंतर घेत नाही, नाहीतर सकाळी घरी जाऊनही डोळा लागत नाही. परतताना काळा चष्मा लावते, कारण सकाळचे ऊन डोळ्यांत शिरले की शरीर दिवस उजाडला असे समजून झोप घालवते. खोलीला जाड गडद पडदे लावले, दाराची घंटा बंद करण्याचे बटण बसवून घेतले, आणि शेजाऱ्यांना एकदा नीट बसून सांगितले की मी दिवसा झोपते याचा अर्थ मी आळशी आहे असा नव्हे. हे शेवटचे सर्वांत कठीण गेले. सासरच्या माणसांनाही ते समजायला तीन वर्षे लागली.

अबोली (ठाणे)

सायंतारा ताई, आपल्या लेखनातील एक वाक्य माझ्या मनातून जाईना, म्हणून विचारते. राग मानू नये. पोळ्यांच्या मावशींची वेळ आपण साडेआठवरून सातवर आणली. त्या वेळी त्या दुसऱ्या कुठल्या घरी जात असतील, ते घर आता पुढे ढकलले गेले असेल. त्या स्वतः किती वाजता जेवतात? माझ्या घरी येणाऱ्या ताई सहा घरे करून रात्री साडेदहाला घरी पोहोचतात आणि मग स्वतःचा स्वयंपाक करतात. आपल्या घराच्या आरोग्याचा विचार करताना तो हिशेबही त्यातच धरावा, असे मला वाटते.

सायंतारा (पुणे)

अबोली ताई, राग येण्याचे कारण नाही. आपण विचारले ते योग्यच आहे, आणि मी ते आधी विचारायला हवे होते. मावशींना बसवून विचारले. आमच्या आग्रहामुळे त्यांनी सातचे घर साडेआठला ढकलले होते, म्हणजे त्यांच्या दिवसात काहीच कमी झाले नव्हते. घरी पोहोचायला त्यांना सव्वादहा होतात. दुपारी तीनला चहा-पाव, त्यानंतर थेट रात्री अकराला जेवण. पाच घरांत मिळून रोज शंभराच्या आसपास पोळ्या लाटून झाल्यावर स्वतःसाठी पोळी लाटायची इच्छाच राहत नाही, म्हणून बहुतेक रात्री भात आणि लोणचे. वय पन्नास, रक्तदाबाची गोळी सुरू आहे.

आम्ही घरात बोललो आणि ठरवले की मावशींनी संध्याकाळी आमच्याकडे येऊच नये. सकाळी दुपारच्या डब्याच्या पोळ्या करतात तेवढ्याच कराव्यात आणि पगार तोच राहावा. संध्याकाळी आता पाच दिवस भाकरी, एक दिवस खिचडी आणि एक दिवस थालीपीठ. भाकरी यजमान करतात, त्यांचा हात आता चांगला बसला आहे. मावशींनी साडेआठचे घर पुन्हा सातवर आणले आणि शेवटच्या घरातून त्या आता पावणेनऊला सुटतात. मी माझ्या मूळ लेखनात वेळ "आणून घेतली" असे सहज लिहून गेले होते, ते वाक्य मला आता वाचवत नाही, पण ते तसेच ठेवते, म्हणजे इतरांनाही दिसेल.

माळरान दादा, दळणाची सूचना अमलात आणली आहे. गुळवेल यांनी स्त्रियांच्या पाणी न पिण्याविषयी लिहिले त्यावर स्वतंत्र धागा काढावा, ही विनंती.

ऱ्हाईनकाठ (ड्युसेलडॉर्फ)

येथे जर्मनीत पुष्कळ घरांत संध्याकाळी सहा-साडेसहाला पाव, चीज, काकडी असे थंड, साधे जेवण घेतात आणि गरम जेवण दुपारी होते. आम्ही आल्या आल्या याला नावे ठेवली. गेली सहा वर्षे मात्र आम्हीही दुपारी मुख्य जेवण करून संध्याकाळी सातला वरण, भाजी आणि राय नावाच्या धान्याच्या पिठाचा पाव घेतो. अडचण येते ती जूनमध्ये, कारण रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि मुले झोपायलाच तयार नसतात. साडेआठला खिडक्यांच्या बाहेरील झडपा ओढून घर अंधारे करावे लागते. डिसेंबरात उलट, साडेचारला अंधार आणि मन उदास. तेव्हा दुपारच्या सुटीत, ढग असले तरी, वीस मिनिटे बाहेर चालून येणे हे आमच्या घरात जेवणाइतकेच सक्तीचे आहे.

घाटपायथा (मूळ वाई, सध्या बेंगळुरू)

हा धागा मी तीन दिवस वाचत होतो आणि लिहावे की नाही ते ठरत नव्हते. माझी आई ७१ वर्षांची आहे आणि वाईला एकटी राहते. बाबांना जाऊन चार वर्षे झाली. फोनवर जेवलीस का विचारले की ती "हो, झाले" म्हणते. गेल्या महिन्यात मी न कळवता गेलो तेव्हा रात्री आठला ती ओट्यापाशी उभी राहून चहात टोस्ट बुडवून खात होती. तेच तिचे जेवण. "एकटीसाठी काय चूल पेटवायची" असे म्हणाली. तिच्या दंडाला हात लावला तर कातडी सैल लागली. जिना चढताना ती आता कठडा धरते, हेही तेव्हाच दिसले. तिच्या जेवणाची वेळ अगदी योग्य आहे, आठची. पण ताटासमोर माणूस नाही आणि ताटात अन्न नाही.

मोजमाप (नागपूर)

दादा, हे फार घरांत आहे आणि रक्ततपासणीत ते चटकन दिसत नाही. वय वाढले की स्नायू झिजतात आणि चहा-टोस्टमध्ये प्रथिने जवळजवळ नसतात, म्हणून ती झीज वेगाने होते. पुढे पडणे आणि हाड मोडणे हे त्यातूनच येते. आईंना रोज दोन वेळा डाळ, उसळ, दूध, पनीर किंवा चालत असल्यास अंडे मिळेल असे पाहावे. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ करायला सांगावे. ड जीवनसत्त्व, बी-१२ आणि हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्यावे. परंतु चूल कशी पेटेल, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर माझ्या शास्त्रात नाही.

सायंतारा (पुणे)

आपल्या आईंच्या आळीत आणखी कुणी एकटे राहते का? आपले लिहिणे मी वाचून दाखवल्यावर आमच्या सासूबाईंनी पहिला प्रश्न हाच विचारला.

घाटपायथा (मूळ वाई, सध्या बेंगळुरू)

राहतात. समोरच्या वाड्यात एक निवृत्त शिक्षिका आणि मागच्या गल्लीत आईची भजनी मंडळातील मैत्रीण. सासूबाईंना माझा नमस्कार सांगावा. मागील रविवारी मी तिघींशी एकत्र बोललो आणि त्यांनी आपसांत पाळ्या लावून घेतल्या: सोम-गुरू आईकडे, मंगळ-शुक्र समोरच्या बाईंकडे, बुध-शनि मैत्रिणीकडे, रविवारी जिची तिची मोकळीक. जिची पाळी ती उसळ किंवा आमटी करते, बाकीच्या दोघी आपापल्या भाकरी डब्यात घेऊन येतात. सात वाजता जेवण, त्यानंतर गणपतीच्या घाटापर्यंत तिघी चालत जातात. काल गुरुवारी मी साडेसातला फोन केला तर आईने उचलला नाही. आठ वाजता तिचा उलट फोन आला. मटकीला मोड छान आले होते आणि हात खरकटे होते, असे म्हणाली.